साडेसहा पौंडांचा हिशोब : रेमिंग्टन मॉडेल ६०० मॅग्नमचं प्रकरण

नळी जरा लवकरच संपली, असं वाटलं. मोंटानातले माझे शेजारी वनखात्यातून निवृत्त झालेले. तळघरातल्या कपाटातून त्यांनी ही रायफल काढली, बोल्ट मागे ओढून आत काडतूस नाही हे मला दाखवलं, मला स्वतः बोट घालून बघायला लावलं आणि मगच ती हातात दिली. साडेअठरा इंचांची नळी, तिच्यावर जाळीदार प्लॅस्टिकची पट्टी, कुत्र्याच्या मागच्या पायासारखी पुढे वाकलेली बोल्टची मूठ. दस्ता फिकट आणि गडद लाकडाच्या थरांचा, आपल्याकडच्या नानकटाई-चॉकलेटच्या बिस्किटासारखा. एका हातानं आडवी धरली तरी मनगट कुरकुरलं नाही.

"हिनं एल्क पडतो?" मी विचारलं. एल्क म्हणजे इथलं सांबरासारखं मोठं हरीण.

"पडतो. आणि मारणाराही," ते म्हणाले.

चाकणच्या एका कारखान्यात गाडीच्या भागांतून ग्रॅम-ग्रॅम वजन काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे कुणी वस्तू हलकी केली की मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की काढलेलं वजन गेलं कुठे? या रायफलीच्या बाबतीत उत्तर शोधायला मला दोन हिवाळे लागले.

आधी अडचण काय होती ते बघू. मोठं जनावर मारायचं तर जड गोळी आणि भरपूर दारू लागते. भरपूर दारूचा धक्का सोसायला जड बंदूक लागते. संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या काळात हे गणित सहज सुटत होतं. दहा-अकरा पौंडांची दुनळी रायफल त्यांना परवडायची, कारण ती खांद्यावर वाहणारा माणूस दुसराच असायचा. साहेबाच्या हातात ती यायची ती शेवटच्या दोन मिनिटांत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो अध्यायच मिटवला, पण इथे रॉकी पर्वतात शिकार चालू आहे आणि बंदूक वाहणारा गडी मात्र नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून थँक्सगिव्हिंगपर्यंतच्या पाच आठवड्यांत, अंगावर ४०० चौरस इंच भगवं-नारिंगी कापड घालून, माणूस पहाटे चारला चढायला लागतो आणि अंधारात परततो. दिवसभरात बार काढायचा झाला तर एक. बाकीचे बारा तास ती फक्त वाहायची वस्तू आहे.

या बारा तासांसाठी बंदूक बनवायची की त्या एका क्षणासाठी, हा सगळा वाद आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनच्या कारखान्यात रेमिंग्टननं १९६३ साली एक्सपी-१०० नावाचं विचित्र एकबारी पिस्तूल काढलं होतं. बोल्ट असलेलं, नायलॉनच्या दस्त्याचं, चापाच्या बरंच मागे बोल्ट. त्यामुळे मूठ पुढे वाकवावी लागली. त्याचीच आखूड यंत्रणा, म्हणजे बोल्ट आणि त्याची चौकट, घेऊन १९६४ मध्ये मॉडेल ६०० ही छोटी रायफल आली. हरणांसाठी छान, .३०८ सारख्या काडतुसांत. आणि लगेच १९६५ मध्ये तिच्यावर मॅग्नमचा शिक्का बसला. मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरकस काडतूस. हे नवं, .३५० रेमिंग्टन मॅग्नम. एल्क, त्याहून मोठं हरीण मूस, अस्वल, यांच्यासाठी.

त्या दिवसांत अमेरिकी शिकाऱ्याच्या डोक्यात लांब नळ्या आणि लांब पल्ले होते. .३३८ विंचेस्टर मॅग्नम १९५८ चं, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम १९६२ चं, .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ चं. सगळी लांब यंत्रणांची, २४-२६ इंची नळ्यांची. त्यांच्या रांगेत साडेअठरा इंचांची मॅग्नम आणून उभी करणं म्हणजे पैलवानांच्या आखाड्यात कंडक्टरची पिशवी लटकवून येण्यासारखं होतं. पण इलियनच्या लोकांना एक गोष्ट नीट कळलेली होती, आणि ती मला अजूनही या रायफलीतली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

नळी आखूड करायची असेल तर तिचं भोक मोठं करा.

.३०८ ची गोळी ०.३०८ इंच जाडीची, .३५० ची ०.३५८ इंच. फरक ०.०५ इंचाचा, पण क्षेत्रफळ वर्गानं वाढतं, म्हणजे सुमारे ३५ टक्के. जळणाऱ्या दारूच्या वायूला ढकलायला पस्तीस टक्के जास्त बूड मिळतं. पिचकारी आणि पाण्याचा पंप यांच्यातला फरक म्हणा. बारीक नळीत तोच वायू लांबवर धावत राहिला तर त्याची ताकद वसूल होते. रुंद नळीत ती लवकर वसूल होते. म्हणून साडेअठरा इंचांत संपणाऱ्या नळीला रुंद भोक शोभतं. शिवाय ज्याचा कुणी हिशोब करत नाही ती गोष्ट: बाहेरचा व्यास तोच ठेवून भोक मोठं केलं की पोलाद कमी होतं. मी मांडून पाहिलं, एवढ्या नळीत .३० ऐवजी .३५ चं भोक पाडलं की साधारण साठ ग्रॅम आपोआप जातात. तोंडाकडची साडेपाच इंच नळी कापली की आणखी दीडशेच्या आसपास. ग्रॅम-ग्रॅम करणाऱ्याला हे वाचून गुदगुल्या होतात.

कापलेल्या नळीची किंमत वेगात मोजावी लागते. अशा काडतुसांत दर इंचाला सेकंदाला साधारण २५ फूट, म्हणजे साडेपाच इंचांचे मिळून सेकंदाला चाळीसेक मीटर. दीडशे मीटरच्या आतल्या झाडीत एल्कला हे कळतसुद्धा नाही. कारखान्याच्या आकड्यांत .३५० ची २०० ग्रेनची (१३ ग्रॅमची) गोळी सेकंदाला २७१० फुटांनी निघते. .३०-०६ या जुन्या, नेहमीच्या काडतुसाची १८० ग्रेनची गोळी जवळपास त्याच वेगानं निघते. म्हणजे वेग तोच, गोळी जड आणि जाडही, आणि बंदूक आखूड. कागदावर बाजी जिंकलेली.

आता लाथेचा हिशोब. इथे सगळे खोटं बोलतात, म्हणून तो आकड्यांत मांडलेला बरा. गोळी पुढे जाते, तिच्यामागून दारूचा वायू त्याहून जोरात जातो, आणि दोघांचा मिळून जेवढा संवेग पुढे तेवढाच मागे. १३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२६ मीटर, हे झाले पावणेअकरा एकक. वायूचे आणखी साडेपाच धरा. एकूण सोळाच्या वर. हा आकडा बंदुकीच्या वजनानं बदलत नाही. मॉडेल ६०० मॅग्नमचं वजन दुर्बिणीविना साडेसहा पौंड, म्हणजे २.९५ किलो. भागाकार केला की रायफल सेकंदाला साडेपाच मीटरनं मागे येते आणि तिच्यात ४४ ज्यूल ऊर्जा असते.

४४ ज्यूल म्हणजे काय? तीच रायफल, दस्ता खाली करून, दीड मीटर उंचीवरून खांद्यावर सोडा. तेवढं. तेच काडतूस नऊ पौंडांच्या रायफलीत घातलं तर ३२ ज्यूल. आठ पौंडांची नेहमीची .३०-०६ घेतली तर तीसच्या आसपास. म्हणजे अडीच पौंड कमी केले आणि खांद्याचं कर्ज जवळपास ३८ टक्क्यांनी वाढलं. काढलेलं वजन कुठे गेलं, याचं पहिलं उत्तर हे. पायांवरून उतरलं आणि खांद्यावर बसलं.

आणि नुसती ऊर्जा नाही, झटक्याचा वेगही. जड रायफल ढकलते, हलकी रायफल चापट मारते. शेजाऱ्यांनी मला रेंजवर नेलं तेव्हा मी बाकावर वाळूची पिशवी टेकवून, खांदा आवळून बसलो. पहिला बार निघाला तेव्हा आवाजच आधी अंगावर आला, आखूड नळीतून दारू पुरती जळायच्या आत बाहेर पडते आणि शेजारच्या दोन बाकांवरची माणसं मान वळवून बघतात. दुसऱ्याला मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले. तिसऱ्याला तर चाप ओढलाच नाही, झटकला. निशाणाच्या कागदावर तिन्ही भोकं एकमेकांना ओळखतही नव्हती. शेजारी काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला उभं केलं, पिशव्या काढून घेतल्या आणि म्हणाले, "बसलेला माणूस भिंत असतो. उभा माणूस मागे जातो." खरंच. उभ्यानं मारलेल्या दोन गोळ्या बऱ्या लागल्या. डोंगरात कुणी बाकावर बसून शिकार करत नाही, पण रायफल विकत घेणारा माणूस ती आधी बाकावरच जोखतो. या रायफलीचा अर्धा घात तिथेच झाला असावा.

लाकडाच्या त्या थरांचं कोडंही इथेच सुटतं. साध्या मॉडेल ६०० ला अक्रोडाचा सरळ दस्ता पुरत होता. मॅग्नमच्या धक्क्याला तो चिरू नये म्हणून अक्रोड आणि बीचचे थर डिंकानं चिकटवून, दाबून दस्ता केला, मागे रबराची गादी दिली. थरांचा दस्ता ओलीत वाकत नाही, चिरत नाही. फक्त एक, तो साध्या लाकडापेक्षा जड असतो. म्हणजे हलकी रायफल टिकावी म्हणून तिच्यात जड लाकूड घालावं लागलं. गाड्यांतही हेच बघितलंय, पत्रा पातळ करायचा आणि मग तो थरथरू नये म्हणून आतून पट्ट्या मारायच्या.

इथवरच्या सगळ्या तडजोडी मला पटतात. भोक मोठं, नळी आखूड, लाथ जास्त, दस्ता मजबूत, ज्याला परवडेल त्यानं घ्यावी. न पटणारी तडजोड एकच आहे आणि ती इतकी छोटी आहे की बंदूक हातात घेऊन दिसतही नाही. मॅगझिनची, म्हणजे काडतुसांच्या पेटीची, लांबी.

मॉडेल ६०० ची यंत्रणा .३०८ च्या मापाची. तिच्या पेटीत २.८ इंचांपेक्षा लांब काडतूस बसत नाही. म्हणून .३५० चं कवच ठेंगणं आणि लठ्ठ केलं: ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमच्या पट्टा असलेल्या कवचाला कापून २.१७ इंचांचं. आता गोळीला उरले ०.६३ इंच. २०० ग्रेनची गोळी त्यात कशीबशी मावते. पण मूस किंवा तपकिरी अस्वलाला खोलवर जाणारी गोळी हवी, म्हणजे २५० ग्रेनची. ती लांब असते. पुढे जागा नाही म्हणून ती मागे ढकलावी लागते आणि तिचं बूड दारूच्या जागेत घुसतं. भांडं तेच, त्यात वाटी बुडवून ठेवलेली. दारू तेवढी कमी मावणार, वेग तेवढा कमी. कारखान्याचा आकडा २५० ग्रेनसाठी सेकंदाला २४१० फूट होता.

२०० ग्रेनच का नाही मारायची? कारण जाड गोळी हलकी असेल तर ती बुटकी होते, आणि बुटकी गोळी मोठ्या हाडात लवकर थांबते. शिकारी याला आडव्या छेदाची घनता म्हणतात. गोळीचं वजन भागिले जाडीचा वर्ग. .३५० च्या २०० ग्रेनला ती ०.२२३ येते, २५० ला ०.२७९. जुन्या .३०-०६ च्या २२० ग्रेनला ०.३३१. अमेरिकेच्या वनसेवेनं १९८३ मध्ये अलास्कातल्या आपल्या माणसांसाठी अस्वलापासून बचावाच्या बंदुका तपासल्या, त्याही फक्त १५ यार्डांवरून, कारण चालून आलेल्या अस्वलावर बार साधारण तेवढ्यातच काढावा लागतो. वरच्या जागा .४५८ विंचेस्टर मॅग्नम, .३७५ एच अँड एच आणि .३३८ विंचेस्टर मॅग्नम यांनी घेतल्या, पण त्यांच्यामागे जुनी .३०-०६ आपल्या २२० ग्रेनच्या संथ, लांब गोळीसह फार मागे नव्हती. लांब गोळीची ताकद ही. .३५० ला तीच बसवायला जागा नव्हती.

सगळं फक्त अर्ध्या इंचावर अडलं होतं. पेटी ३.३ इंचांची असती तर बोल्ट आणि चौकट थोडी लांबली असती, वजन वाढलं असतं शे-दीडशे ग्रॅम. थरांच्या दस्त्यात त्याहून जास्त वाढले. हे असं का झालं असावं, ते कारखान्यात काम केलेल्याला सांगावं लागत नाही. एक यंत्रणा साच्यात तयार आहे, एक्सपी-१०० साठी खर्च झालाय, ६०० साठी झालाय, आता तिसरी वस्तू तिच्यातूनच निघाली पाहिजे. मग काडतूस त्या पेटीसाठी कापतात. बंदूक मापाला बसते, काम मात्र थोडं कमी पडतं.

बाजारात ती चालली नाही. ६.५ रेमिंग्टन मॅग्नम हे तिचं दुसरं काडतूस १९६६ मध्ये आलं, तेही त्याच पेटीत अडकलं. १९६८ मध्ये मॉडेल ६६० आलं, नळी वीस इंच, प्लॅस्टिकची पट्टी गेली, आणि १९७१ मध्ये तेही बंद. लोकांना ती दिसायलाही आवडली नव्हती, हे खरं. मला आवडते, पण माझ्या आवडीला काय विचारायचं, मला बजाजची जुनी स्कूटरही आवडते.

एक गोष्ट मात्र वजनाच्या खात्यात टाकू नये. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॉडेल ६०० मालिकेच्या रायफली कंपनीनं परत मागवल्या, कारण काहींमध्ये सेफ्टीचा खटका सोडताना चापाला हात न लावता बार उडू शकत होता. हा दोष चापाच्या जोडणीतला, हलकेपणातला नव्हे. पण जुनी ६०० हातात घेणाऱ्यानं तिचा चाप बदललाय का, हे आधी विचारावं. शेजाऱ्यांनी विचारण्याआधीच कागद दाखवला.

मग पुढच्या लोकांनी काय केलं ते बघितलं की चूक कुठे होती ते आणखी स्पष्ट होतं. .३५ व्हेलेन हे काडतूस १९२२ पासून होतंच, .३०-०६ चं कवच .३५ च्या तोंडाला रुंदावलेलं. ताकद .३५० एवढीच, पण लांब पेटीत २५० ग्रेनची गोळी ऐसपैस बसते. १९८८ मध्ये रेमिंग्टननं तेच कारखान्यात तयार करायला घेतलं. वेस्ट व्हर्जिनियात मेल्विन फोर्ब्स यांनी १९८० च्या दशकात वजनाकडे दुसऱ्या टोकानं बघितलं. त्यांच्या मॉडेल २० ची यंत्रणाच वीस औंसांची, म्हणून नाव २०. दस्ता केव्हलार आणि ग्रॅफाइटचा, पौंडाच्या आसपासचा. सगळी रायफल पाच पौंडांच्या आसपास. आणि आखूड यंत्रणा असूनही पेटी त्यांनी पूर्ण तीन इंचांची ठेवली. माझ्यासारख्याला हा एक आकडा सगळं सांगून जातो. माणसानं वजन लाकडातून आणि चौकटीतून काढलं, काडतुसाच्या जागेतून नाही. बंदुकांवर लिहिणारे अमेरिकी लेखक जेफ कूपर यांच्या 'स्काउट' या हलक्या, सर्वकामी रायफलीची तीन किलो आणि एक मीटर ही मापंही मॉडेल ६०० सारख्या छोट्या रायफली वापरूनच त्यांच्या डोक्यात पक्की झाली. स्वतः रेमिंग्टननं २००३ मध्ये मॉडेल ६७३ नावानं जुनी कल्पना परत आणली, पट्टी आणि थरांच्या दस्त्यासकट. पण नळी २२ इंच आणि वजन साडेसात पौंडांच्या घरात. लाथ सोसवेना म्हणून एक पौंड परत घातला, म्हणायचं.

आता संपूर्ण तांब्याच्या, शिसं नसलेल्या गोळ्या आल्यात, ज्या हाडात फुटत नाहीत, त्यामुळे हलकी गोळीही खोल जाते. .३५० ला यांनी नवं आयुष्य द्यायला हवं होतं. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणजे त्याच वजनाची गोळी आणखी लांब, म्हणजे त्या २.८ इंचांत पुन्हा जागेची मारामार.

शेजारी या सगळ्यावर खांदे उडवतात. त्यांच्या मते मी वजन मोजताना चुकीची चाल मोजतोय. चढतानाची. त्यांच्याबरोबर मागच्या नोव्हेंबरात गेलो तेव्हा ते काय म्हणतात ते समजलं. सकाळी साडेनऊला देवदाराच्या गर्दीत त्यांनी ऐंशी-नव्वद पावलांवर नर एल्क पाडला. उभ्यानं, एक गोळी, २०० ग्रेनची. आवाज दरीत बराच वेळ फिरत राहिला. मग दिवसभर कापणं. जनावर जागेवरच सोडून गाडीकडे येता येत नाही, मांस खांद्यावर आणावं लागतं, आमच्या चार फेऱ्या झाल्या. एक मागची मांडी हाडासकट पंचवीस-तीस किलो. पाठीवर ती, डाव्या हातात काठी, आणि उजव्या हातात रायफल, कारण रक्ताचा वास ग्रिझली अस्वलाला मैलभरावरून लागतो आणि प्रत्येक परतीच्या फेरीत आपण त्या वासाकडेच चालत जात असतो.

चौथ्या फेरीला अंधार पडला होता. माझ्या हातात त्यांनी ती रायफल दिली, कारण आता मांडी त्यांच्या पाठीवर होती. ओढ्यातले गोटे गोठलेले. पाय घसरला, तोल सावरायला मी रायफलीचा हात वर केला, आणि तो सहज वर गेला. माझी घरची नऊ पौंडी रायफल असती तर मी तिच्यासकट ओढ्यात बसलो असतो. शेजारी मागून म्हणाले, "काय म्हणतात तुझे ज्यूल?" मी उत्तर दिलं नाही. पुढे झाडीत काहीतरी हललं होतं, दोघंही थांबलो, टॉर्च फिरवला. हरणी होती.